नवेगावचा बांध: जंगल तोडून वसलेल्या मुलखाचं एक प्रकरण

जंगल तोडून शेत करणाऱ्या माणसाला जंगल कसं दिसत होतं? आणि त्याला तिथे वसवणाऱ्या सत्तेला ते कसं दिसत होतं? पूर्व विदर्भात हा प्रश्न नीट तपासायचा, तर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगाव बांध हाती घ्यावं. इथे सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला जुना तलाव आहे. भोवती डोंगर आहेत, त्या डोंगरांवर आज राष्ट्रीय उद्यान आहे. बांधाच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत. डोंगर, पाणी आणि धान एकमेकांशी बांधले गेले ते गाव वसवण्याच्या एकाच काळात, एकाच विचाराने. आज त्यांचा हिशेब वेगवेगळ्या खात्यांत होतो आणि एका खात्याला दुसऱ्याचं दुखणं कळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कोहळी म्हणजे इथले तलाव बांधणारी शेतकरी जात. जंगल तोडणाऱ्या कोहळी कास्तकाराला जंगल हवंही होतं, कारण त्याच्या तलावात येणारं पाणी त्या जंगलातून येत होतं. त्याला वसवणाऱ्या सत्तांपैकी गोंड राजाला हे नातं कळलं होतं. इंग्रजांना अर्धं कळलं. स्वातंत्र्यानंतरच्या कारभाराने ते कागदावर तोडून टाकलं. पण या गोष्टीत कोहळी आणि राजा यांच्याखेरीज तिसराही एक माणूस आहे, आणि त्याला सोडून ही गोष्ट सांगणं हा अन्याय होईल.

मुलूख कसा होता

वैनगंगेच्या खोऱ्याचा हा भाग पावसाला गरीब नाही. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अडचण वेगळीच आहे. तो पडतो तेव्हा धो धो पडतो आणि थांबतो तेव्हा साफ थांबतो. जमिनीखाली जुना कठीण खडक, त्यात पाणी फार मुरत नाही, म्हणून विहिरींचा भरवसा नाही. वर सिहार, खरडी, मोरांड अशा मातीच्या जाती. त्यातली सिहार म्हणजे रेताड, पाणी धरून न ठेवणारी. अशा जमिनीत धान लावायचा, तर आषाढ-श्रावणातल्या पावसावर रोवणी उरकते, पण खरी परीक्षा पुढे असते. हस्ताचा पाऊस चुकला की लोंबीत दाणा भरायच्या वेळी बांधी कोरडी पडते आणि चार महिन्यांची मेहनत तणसात जाते.

म्हणजे इथे नुसतं जंगल तोडून भागत नव्हतं. कापसाच्या वऱ्हाडात काळी माती स्वतःच ओल धरून ठेवते. तिथे झाडं काढली, वावर मोकळं केलं की पीक घेता येतं. वैनगंगेच्या खोऱ्यात झाडं काढून मिळत होती ती एक बेभरवशाची जमीन. तिला शेत करायचं तर शेवटचं पाणी द्यायला वर कुठेतरी साठा हवा. तो साठा भरायला त्याच्याही वरचा उतार हवा आणि तो उतार झाडांनी धरून ठेवलेला हवा, नाहीतर दोन-चार पिढ्यांत तलाव गाळाने भरून जाणार. इथल्या वसाहतीचा सगळा आकार या एका गरजेतून आला आहे.

ऐन, बिजा, धावडा, हलदू, तेंदू, मोह यांचं हे जंगल. त्यात वाघ, त्यात हिवताप. बाहेरून येणाऱ्या माणसाला इथे टिकणं सोपं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला बोलवायला सत्तेला काहीतरी द्यावं लागत होतं.

राजाने काय देऊ केलं

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजघराण्याबद्दल या भागात एक परंपरा पक्की आहे आणि इंग्रजांच्या जमाबंदीच्या काळातल्या नोंदींमध्येही ती उतरली आहे. राजा हीरशहाने जाहीर केलं की जो जंगल तोडून गाव वसवेल, त्याला ते गाव मिळेल आणि जो तलाव बांधेल, त्या तलावाच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन त्याची. कोहळ्यांविषयीची दुसरी परंपरा अशी की एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथले तलाव-बांध बांधणारे लोक त्याला आवडले आणि त्याने त्यांना आपल्या मुलखात आणून वसवलं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींची नोंद केली, तेव्हाही कोहळ्यांची ओळख वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारे लोक अशीच दिली आहे. काशीची कथा खरी मानायची की नाही हे बाजूला ठेवू. त्यातून राजाची नजर कळते, आणि मला ती महत्त्वाची वाटते.

या बक्षिसाची रचना नीट पाहा. किती झाडं तोडली यावर जमीन मोजली जात नाही. ती मोजली जाते तलावाच्या पाण्याने किती भिजलं यावर. हाव असलेल्या माणसानेही या नियमाखाली जंगल सरसकट तोडून उपयोग नव्हता. त्याला आधी दोन टेकड्यांमधली खिंड शोधावी लागे, पाळ, म्हणजे मातीचा बांध घालावा लागे, वरचा येवा राखावा लागे. येवा म्हणजे जिथून पाणी वाहत येऊन तलावात उतरतं तो सगळा उतार. तो उतार फोडून तिथे शेत केलं, तर खालच्या तलावात माती येणार आणि बक्षीस म्हणून मिळालेली जमीन कोरडी पडणार. जंगल राखण्याचा वेगळा हुकूम काढायची गरजच उरली नाही, कारण राखणाऱ्याचा स्वार्थ त्यातच गुंतवला होता.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला, असं गोंदिया पूर्वी ज्यात होतं त्या भंडारा जिल्ह्याच्या जुन्या नोंदी सांगतात. पुढे १७५१ मध्ये चांद्याचं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. सत्ता बदलली, पण पाटलाने गाव वसवायचं, तलाव सांभाळायचा आणि सरकारात सारा भरायचा ही रीत चालू राहिली.

कोहळ्याला डोंगर कसा दिसला

नवेगावच्या तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बांध घालताना या सात बहिणींनी मदत केली, अशी लोकांची श्रद्धा आहे. बांध घालणारा कोलू पाटील स्वतः पुढे देव झाला. कोलासूर या नावाने त्याचं ठाणं तिथल्याच एका टेकडीपाशी आहे.

या कथेकडे मी फार गंभीरपणे पाहतो. जंगलात शिरून शेती करणाऱ्यांच्या बहुतेक कथा जिंकण्याच्या असतात: वाघ मारला, रान जाळलं, भूत पळवलं, गाव बसवलं. नवेगावच्या कथेत डोंगर हरलेले नाहीत. ते हात लावायला आले आहेत. कोहळ्याच्या मनात डोंगर हा कामातला भागीदार होता, आणि तांत्रिक अर्थानेही ते खरं आहे. पाळ माणसाने घातली ती दोन टेकड्यांमधल्या उघड्या जागेत. बाकीची भिंत डोंगरांची आहे. कमी मातीत जास्त पाणी अडवायचं कोहळ्यांचं सगळं कसब अशी जागा ओळखण्यात होतं. कागद, दुर्बीण, नकाशा काहीही नसताना पाण्याची पातळी आणि जमिनीचा उतार त्यांना कळत असे. इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्याची तारीफ केली आहे.

एकेका तलावाची रचना समजून घेतली, तर ही भागीदारी आणखी स्पष्ट होते. पाळीत पाणी सोडायचं तुडूम, जास्तीचं पाणी जायला सांडवा, तुडुमाखालून पाट आणि पाटातून पहिल्या बांधीत पाणी. तिथून पुढे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावरच्या तोंडातून उतरत जातं. प्रत्येक शेताला वेगळी चारी नाही. त्यामुळे वरच्याने आपली बांधी भरून पुढे सोडलं नाही, तर खालच्याचा धान गेला. वरचा आणि खालचा यांनी एकाच सुमारास रोवणी करावी लागे, एकाच सुमारास पाणी घ्यावं लागे आणि पाणी कुणाला कधी हे ठरवणारा माणूस गावाने मान्य केलेला असे. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाचा येवा होई. कित्येक ठिकाणी अशी तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची साखळी आहे. वरची बोडी फुटली की खालचा तलाव धोक्यात. कोहळ्यांनी याच पाण्यावर धानाबरोबर ऊसही घेतला आणि गुळाचा पैसा तलावाच्या डागडुजीला कामी आला.

जंगल मोकळं करतानाही सगळं साफ होत नसे. मोहाची झाडं वावरात ठेवली जात, आजही बांध्यांच्या मधोमध मोह उभे दिसतात. फुलं दारूला, जेवणाला आणि विकायला, टोळीपासून, म्हणजे मोहाच्या बीपासून तेल. धुऱ्यावर तूर. बांधीतला धान निघण्याआधी ओलीत लाखोळीचं कडधान्य फेकायचं. काठावरच्या उथळ पाण्यात आपोआप येणारं देवधान ऋषिपंचमीला लागे, कारण त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराशिवाय येणारं धान्य वर्षातून एक दिवस तरी पानात असलं पाहिजे, अशी तजवीज नांगरावर जगणाऱ्या समाजाने करून ठेवली होती. मला या व्रतातली ही बाजू फार मोलाची वाटते.

पण या नजरेला सीमा होती. कोहळ्याने जंगल राखलं ते येव्यापुरतं, लाकूडफाट्यापुरतं आणि ढोरांच्या चराईपुरतं. खालचं सपाट जंगल, जिथे पाणी पोचेल तिथवरचं, त्याने बिनदिक्कत तोडलं. आजच्या अर्थाने त्याला निसर्गप्रेमी म्हणणं चुकीचं आहे. तो हिशेबी होता, आणि त्याचा हिशेब लांब पल्ल्याचा होता.

ज्याच्या घरात हे सगळं घडलं

सात बहिणींनी संमती दिली असं कोहळ्यांची कथा सांगते. त्या डोंगरांवर आधीपासून राहणाऱ्या गोंडांनी संमती दिली का, हे ती कथा सांगत नाही.

राजा गोंड होता, म्हणून गोंडांचं भलं झालं असं मानायची सवय इथे आहे. ते खरं नाही. राजाला सारा हवा होता, सारा धानातून येत होता, आणि धान पिकवायला त्याने बाहेरचे लोक आणले. जंगलात राहणाऱ्या गोंड कुटुंबाचं जगणं मोह, चार, तेंदू, कंद, शिकार आणि फिरत्या शेतीवर चालत होतं. डोंगराचा एक तुकडा तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरायची. दोन-तीन वर्षांनी तो सोडून पुढे जायचं, मागचा तुकडा पुन्हा झाडीने भरून यायचा. या पद्धतीला मोकळा डोंगर लागतो. खाली तलाव झाला आणि डोंगर कुणाच्या तरी तलावाचा येवा ठरला, की वर राब जाळणारा गोंड हा धोका वाटू लागतो. मग तो हळूहळू वर, आत सरकतो किंवा पाटलाच्या बांधीत मजूर म्हणून उतरतो. पाळीवर पडलेली माती कुणाच्या डोक्यावरून आली, हा प्रश्न प्रत्येक तलावापाशी विचारण्यासारखा आहे.

गोंडांची नजर लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, पण ती त्यांच्या ठाण्यांत दिसते. डोंगर, झाड, पाणी यांत पेन वसतो, कुळाचा देव असतो आणि त्याच्या जागेला हात लावायचा नसतो. वाघालाही देव म्हणून दगड मांडलेला असतो. या ठाण्यांपैकी पुष्कळ पुढे कोहळी, कुणबी, पोवारांच्या गावांनीही पुजायला घेतली. बाहेरून आलेला माणूस जागा घेतो, तेव्हा जागेचा देवही घेतो. त्याला आपण नेहमी सलोखा म्हणतो. त्यात भीतीही होती, असं मला वाटतं: ज्याची जागा घेतली, त्याचा देव रागावू नये.

तलावाने आणखी एक समाज उभा केला तो ढिवरांचा. मासे, शिंगाडे, कमळ यांवर जगणारे हे लोक. कोहळ्याला तलाव म्हणजे धानाचं पाणी. ढिवराला तलाव म्हणजे शेत, कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे माहीत असलेलं शेत. तलाव पूर्ण रिकामा करणं कोहळ्याला चालत होतं, ढिवराला नाही. ही ओढाताण गावातच सुटत असे, कधी न्यायाने, पुष्कळदा पाटलाच्या मर्जीने.

साहेबाचं खातं

१८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारसाशिवाय गेले, नागपूरचं राज्य इंग्रजांनी घेतलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. पहिल्या काही वर्षांत सर रिचर्ड टेंपल यांच्या हाताखाली जमाबंदी सुरू झाली. भोसल्यांच्या काळातल्या पाटलांना इंग्रजांनी मालकी हक्क दिला आणि ते मालगुजार झाले. तलाव, गावची पडीत, झाडोरा, सगळं मालगुजाराच्या मालकीत गेलं.

इंग्रज अधिकारी तलावांवर मनापासून खूश होते. कष्टाळू कोहळी आणि आळशी गोंड, अशी जोडी त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. नांगर धरणारा तो चांगला रयत, डोंगर जाळणारा तो जंगलाचा शत्रू. फिरती शेती म्हणजे नासाडी, हे मत त्यांनी फारसं न तपासताच पक्कं केलं. आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने त्यांनी जमिनीचे दोन भाग केले. गावाला लागवडीच्या साधारण एकपट-दुप्पट पडीत ठेवायची, त्यावरची ती जादा पडीत, ती सरकारची. या जादा पडीतीतून सरकारी जंगलं निघाली आणि १८७८ च्या वन कायद्याने ती राखीव झाली. १८८० नंतर नागपूरहून पूर्वेला रूळ गेले, तशी इमारती लाकडाची आणि स्लीपरची मागणी दारात आली.

इथे काय हरवलं ते पाहा. तलावाची मोजणी गावाच्या हद्दीत झाली आणि येव्याची मोजणी कधी गावात, कधी सरकारी जंगलात. डोंगराला उत्पन्नाचा आकडा मिळाला तो लाकडाचा. तो डोंगर खालच्या तलावाला पाणी देतो, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावकागदात मात्र निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या रोजच्या गरजांसाठी जंगल-पडीत वापरण्याच्या, आणि पाण्याच्या चालीरीती लिहिल्या गेल्या: कुणाला जळण कुठून, ढोरं कुठे चरतील, तलावाचं पाणी कुणाला कसं. इंग्रजी कारभारातली ही एक गोष्ट मी मनापासून चांगली म्हणतो. त्या कागदामुळे पुढे गावांना भांडायला काही तरी हाताशी राहिलं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ मध्य प्रांताला फार जड गेले. त्यानंतर आलेल्या १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने प्रांतात सरकारी सिंचनाची शिफारस केली. चांद्याकडे घोडाझरी, आसोलामेंढा, नलेश्वर आणि भंडाऱ्याकडे बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा असे मोठे सरकारी तलाव पुढच्या दोन-तीन दशकांत उभे राहिले. जागा निवडायची रीत जुनीच, खिंड शोधायची आणि पाळ घालायची. कारभार नवा: अभियंता, करार, पाणीपट्टी. पाणी गावाच्या रीतीतून सुटून खात्याच्या रजिस्टरात जाण्याची सुरुवात इथे झाली.

१९५१: एकाचे पाच झाले

मालगुजारी जाणार, ही कुणकुण १९४० च्या दशकात सगळ्यांना लागली. दुसऱ्या महायुद्धात लाकडाला भाव चढला होता. ज्या मालगुजारांच्या आजोबांनी येवा म्हणून डोंगर राखला, त्यांतल्या पुष्कळांनी हातातून जाण्याआधी तो कापून विकला. मध्य प्रांतातल्या खाजगी जंगलांची या काही वर्षांत भयंकर तोड झाली. मला या प्रकरणातली ही सर्वांत शिकवणारी घटना वाटते. राजाच्या नियमाने मालकाचा स्वार्थ जंगलात गुंतवला होता. उद्या तलाव आपला राहणार नाही हे कळल्याबरोबर तो स्वार्थ उलटा फिरला आणि दोन-अडीचशे वर्षांचं राखणं काही हंगामांत संपलं. माणसं तीच होती, डोंगरही तोच होता.

मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. जुलमी मालगुजारी गेली, कुळांना जमिनी मिळाल्या. हे व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वाटणी कशी झाली? चांगलं जंगल वनखात्याकडे. विरळ झाडोरा आणि चराईची जमीन महसूल खात्याकडे, झुडपी जंगल या नोंदीखाली. तलाव आधी महसुलाकडे, मग जिल्हा परिषदा आल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे त्यांच्याकडे आणि मोठे पाटबंधाऱ्याकडे. मासे मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यावर. बांध्या कास्तकारांच्या सातबाऱ्यावर. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत, सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्या प्रत्येकाचं असंच पंचीकरण झालं.

परिणाम यायला वेळ लागला नाही. पाळीवरची झुडपं काढायची कुणी? तुडूम गळतं, ते दुरुस्त करायचा निधी कुणाचा? पूर्वी हे गावकऱ्यांच्या आळीपाळीने होत असे, त्यात वेठही होती. आता अर्ज करावा लागतो. निस्तारातून पाणी मिळवणाऱ्या गावांना पाणीपट्टी आली, तेव्हा तलाव सरकारचा, मग सरकारनेच बघावं, असा विचार पसरला. तो विचार मी चुकीचा म्हणणार नाही. हक्क काढून घेऊन कर्तव्य मागणं कुणालाही पटत नाही. येव्यातून गाळ येत राहिला, बुडित क्षेत्राच्या उथळ कडेला अतिक्रमणाच्या बांध्या आल्या, बेशरम नावाच्या झुडपाने काठ व्यापला आणि त्याच्या मुळांनी पाळी पोखरल्या. ज्या तलावांवर पूर्वी दुसऱ्या पिकाला पाणी पुरे, तिथे पहिल्यालाच ओढाताण होऊ लागली.

डोंगरावरचं उद्यान

नवेगावच्या डोंगरांचं भाग्य जरा वेगळं निघालं. १९७५ मध्ये इथे सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. येवा राखला गेला, तलावाला संरक्षण मिळालं. हिवाळ्यात बाहेरदेशची बदकं उतरतात आणि धानाच्या बांध्यांत, तलावांच्या काठी सारस जगतो. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया आणि शेजारच्या भागातच उरला आहे, तोही धान-तलावाच्या या मानवी मुलखात. हे लक्षात घ्यावं: सारसाला घनदाट जंगल नको आहे. जंगल तोडून केलेली बांधी आणि तलावाचा उथळ काठ हेच त्याचं घर आहे.

उद्यानाने निसर्गाकडे पाहण्याची आणखी एक नजर आणली. इथे माणूस नसणं म्हणजे निसर्ग. गुरं नकोत, मोह वेचणारे नकोत, आतल्या वस्त्या बाहेर हव्यात. राजाच्या करारात गोंड मागे सरकला, इंग्रजांच्या राखीव जंगलात गुन्हेगार ठरला आणि उद्यानात अतिक्रमक झाला. वाघ राखायला हवा, यात मला काडीचाही संशय नाही. पण या डोंगरांवर तीन वेगवेगळ्या सत्तांनी तीन वेगवेगळ्या कारणांसाठी एकाच माणसाला बाजूला केलं आहे, हे सांगितल्याशिवाय नवेगावचं कौतुक करणं मला जमत नाही.

उद्यानाबाहेरच्या तलावांची गत निराळी. त्यांचे येवे बऱ्याच ठिकाणी झुडपी जंगलात आहेत. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर या जमिनी धड जंगल नाहीत, धड महसुली नाहीत, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जमिनी जंगलच धरल्या जातील, असा निकाल दिला आणि त्या तारखेआधीच्या वाटपांसाठी एकवेळचा अपवाद ठेवला. यातल्या जवळपास ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा वाद होता. चर्चा झाली ती विकासकामं अडतील की सुटतील याची. या झुडपी उतारांवरून किती गावतलावांत पाणी उतरतं, हा प्रश्न त्या चर्चेत मला फारसा ऐकू आला नाही. गावातल्या गुराख्याला आणि ढिवराला तो विचारावा लागत नाही. कोणत्या नाल्याने कोणत्या बोडीत पाणी येतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

काय करता येईल, आणि काय सुरू आहे

सरकारच्या बाजूने गाळ काढण्याच्या योजना आल्या. जलयुक्त शिवार आली, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आली. गाळ वावरात टाकणं उत्तमच. पण यंत्राने सगळा तळ सारखा खरवडला की पाणवनस्पतींचं बी आणि कंदही जातात आणि काठाची उथळ जागा संपते. मग मासा अंडी कुठे घालणार? सिंचनाच्या नजरेतून तलाव म्हणजे घनमीटर, एवढंच दिसतं.

अर्जुनी मोरगाव भागातच ढिवर समाजातल्या मच्छीमार संस्थांनी आणि महिला गटांनी वेगळं काम केलं आहे. उन्हाळ्यात तलावातली बेशरम उपटायची, उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरायचा आणि पावसाळ्यात तिथे मूळच्या पाणवनस्पती लावायच्या, मग त्यांवर जगणारे स्थानिक मासे वाढू द्यायचे. जिथे हे नेटाने झालं, तिथे माशांच्या जाती आणि पक्षी परत आले आहेत. तलावाला शेत मानणाऱ्या लोकांनी तलाव पुन्हा पेरला.

२००६ च्या वनहक्क कायद्यात एक कलम आहे, त्याकडे मी बोट दाखवतो. सामूहिक हक्कांत चराई, मासे आणि पाणवठ्यांतलं उत्पन्न यांचाही समावेश आहे. निस्ताराचे हक्कही त्यात स्पष्ट नमूद आहेत. गडचिरोलीत मेंढा लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे गोंदियातल्या कित्येक गावांनीही ते मिळवले. बहुतेक गावांचे दावे मात्र बांबू, तेंदूपत्ता आणि मोहाभोवती फिरतात, कारण पैसा तिथे दिसतो. तलाव आणि त्याचा येवा एकत्र दाखवून केलेले दावे विरळ आहेत.

ते करता येतं. ग्रामसभेने जुनं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसीलमधून काढावं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी त्यांची तरतूद आजही आहे. येव्याचा नकाशा गुराख्याला आणि ढिवराला सोबत घेऊन, पावसात, वाहतं पाणी पाहत काढावा. त्यात कोणता सर्व्हे नंबर राखीव, कोणता झुडपी, कोणता खाजगी हे लिहावं आणि व्यवस्थापन आराखडा एका तलावाचा न करता साखळीतल्या सगळ्या बोड्यांचा करावा. त्या बैठकीला वनपाल, पाटबंधाऱ्याचा शाखा अभियंता, तलाठी आणि मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष एका सतरंजीवर बसवावेत. आणि डोंगरावरच्या गोंड टोल्याला त्यात आधी बोलू द्यावं. येवा त्यांच्या अंगणातून सुरू होतो, आणि तलाव बांधताना त्यांना कुणी विचारलेलं नाही.